वाचकांचे प्रश्न : लाटणे मोर्चा आणि मिक्सरचे बिल

प्रश्न : आमच्या महिला मंडळात मृणालताई गोरे यांच्यावर कार्यक्रम ठरला आहे. ‘तेल-साखरेच्या भावासाठी भांडणे हे ग्राहकांचे काम, त्याचा स्त्रियांच्या हक्कांशी काय संबंध,’ असा प्रश्न तिथे निघाला. दुसरे असे की, यजमानांनी कोल्हापुरातून आणलेला मिक्सर महिन्यातच बंद पडला. बिल त्यांच्या नावावर असल्याने मला तक्रार करता येणार नाही, आणि करायचीच तर कोल्हापुरात करावी लागेल, असे दुकानदार सांगतो. हे खरे आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपले दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, असे मला वाटते.

मृणालताईंचा (१९२८–२०१२) डॉक्टर होण्याचा मार्ग खुला होता. तो सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. १९५८ साली पती केशव गोरे यांचे निधन झाले, तेव्हा मुलगी लहान होती. तरीही १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या आणि गोरेगावच्या पाण्यासाठी इतक्या झगडल्या, की ‘पाणीवाली बाई’ हेच त्यांचे नाव झाले. १९७२ मध्ये कम्युनिस्ट नेत्या अहिल्याताई रांगणेकर आणि इतर पक्षांतील स्त्रियांसोबत त्यांनी महागाईविरोधी महिला समिती उभारली. लाटणी घेऊन, थाळ्या बडवत ज्या हजारो बायका रस्त्यावर आल्या, त्यांतल्या अनेकींनी तोवर मोर्चा पाहिलाही नव्हता. रॉकेल आणि धान्य मिळाले नाही, तर रांगेत उभे राहणे, उसनवारी करणे आणि शेवटी स्वतः अर्धपोटी राहणे हे सारे घरच्या बाईच्याच वाट्याला येते. मग त्याचा जाब विचारण्याचा हक्कही तिचाच, हे त्या लाटण्याने सांगितले. दिवसभर विड्या वळून संध्याकाळी मजुरीचा हिशेब घालणाऱ्या निपाणीच्या बायकांना ते वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. पुढे गर्भाचे लिंग ओळखण्यासाठी होणाऱ्या गर्भजल परीक्षेविरुद्ध विधानसभेत उभ्या राहिल्या त्या याच मृणालताई. १९८८ मध्ये महाराष्ट्रात तसा कायदा झाला, देशाचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला.

आता मिक्सरविषयी. दुकानदाराची दोन्ही विधाने चुकीची आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या न्यायपीठाकडे, दाद मागता येते, म्हणजे आपल्याला बेळगाव जिल्हा आयोगाकडे जाता येईल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही; तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. आधी दुकानदाराला लेखी पत्र पाठवून त्याची पोच जपून ठेवावी. राहिला प्रश्न बिलावरील नावाचा. पैसे देऊन वस्तू घेणारा तर ग्राहक असतोच, पण त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच आहे. मिक्सर आपण वापरता. तेव्हा यजमानांच्या नावाचे बिल जोडून तक्रार आपण आपल्याच नावाने करावी.