सोसायटीतल्या अशोकाची साल उकळून प्यायली तर पाळीतला जास्तीचा रक्तस्राव थांबतो का?

नाही थांबत. मुळात तुमच्या सोसायटीत जे उभं आहे ते अशोकाचं झाडच नाही.

तुम्ही लिहिलंय की गेटपासून पार्किंगपर्यंत ओळीने सरळसोट उंच झाडं आहेत, पानं लांब नि कडेने नागमोडी आहेत, आईच्या अंगावरून फार जातंय आणि शेजारच्या काकूंनी त्याच झाडाची साल उकळून द्यायला सांगितलीय. तो आसुपालव. खोटा अशोक म्हणतात तो हाच. सीताफळाच्या कुळातलं झाड, बिल्डर लोकांचं लाडकं, कारण जागा कमी खातं आणि भिंतीला लागून निमूट वाढतं. याचीच पानं आपण तोरणात ओवतो. फुलं हिरवट, मान वर करून शोधल्याशिवाय दिसत नाहीत. फळं धरली की रात्री वटवाघळं येतात, सकाळी गाड्यांची टपं घाण होतात आणि मग मीटिंगमध्ये झाडाचा विषय निघतो. एरवी कुणी त्याच्याकडे बघत नाही.

औषधातला तो सीतेचा अशोक. त्याचं कुळच वेगळं, शेंगा येणाऱ्या झाडांचं. एका देठावर पानांच्या चार ते सहा जोड्या, नवी पालवी तांबूस आणि ओल्या फडक्यासारखी लोंबणारी. फुलांचे झुबके फांद्यांवर येतात तसे थेट जुन्या खोडावरही येतात, आधी पिवळट केशरी, मग दिवसागणिक लाल. त्या फुलाला पाकळ्या नसतातच, रंग असतो तो निदलांचा, आणि त्यातून लांब पुंकेसर बाहेर आलेले. भायखळ्याच्या राणीबागेत फेब्रुवारी-मार्चमध्ये चक्कर मारा. एकदा तो फुललेला बघितलात तर पुन्हा गेटवरच्या झाडाला अशोक म्हणणार नाही.

हे मी आमच्या मोठ्या जाऊबाईंनाही सांगितलं होतं. म्हणून तर तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, तेव्हा अंधेरीला नोकरीला होती. पाळी आली की आठवडा उलटला तरी थांबायची नाही, गाठी पडायच्या, त्या दिवसांत ऑफिसला काळ्या पँटशिवाय दुसरं काही घालायची नाही. घरात सगळ्यांचं एकच, अगं होतं असं, आमच्या वेळी कोण जात होतं डॉक्टरकडे. गणपतीत आम्ही त्यांच्याकडे होतो. सगळे बाहेर आरतीच्या तयारीत आणि ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून डब्यातले कच्चे तांदूळ मूठ-मूठ काढून चावत होती. मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, काकू, राहवतच नाही, ऑफिसात तर मी बर्फ खाते. मी तिला खिडकीपाशी नेलं, डोळ्याखालची पापणी खाली ओढून बघितली. आत लालीचा मागमूस नाही, पांढरं फटक. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलंय, एवढं कळायला एमबीबीएस व्हावं लागत नाही. तांदूळ, माती, बर्फ खावासा वाटणं हे अंगातलं लोह संपत आल्याचं लक्षण असतं.

जाऊबाईंचं म्हणणं, काळजी करू नका, काढा चालू आहे. कसला काढा? तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं की अशोक म्हणजे बायकांचा सखा. मग काय, वॉचमनला शंभराची नोट दिली आणि त्याने कोयत्याने कंपाउंडमधल्या झाडाची साल सोलून आणली. मी खाली जाऊन बघून आले. माणसाच्या उंचीपर्यंत झाड चहूबाजूंनी सोललेलं. मी एक पान तोडून वर आणलं, त्यांच्यासमोर धरलं आणि म्हटलं, हा तो अशोक नव्हे. त्यावर त्या सगळ्यांदेखत काय म्हणाल्या? "तुम्ही मास्तरीणबाई. तुम्हाला झाडाचं नाव कळतं, गुण नाही कळत."

दुसऱ्या दिवशी मी पोरीला रक्त तपासायला घेऊन गेले. हिमोग्लोबिन 6.4. बाईला किमान 12 लागतं. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या आतल्या बाजूला फायब्रॉइडची गाठ निघाली. लोहाची सलाइनं लागली, रक्त कमी जावं म्हणून गोळ्या दिल्या, मग दुर्बिणीने गाठ काढली. आज ठणठणीत आहे, पूल चढताना मधे थांबत नाही.

आणि जाऊबाई? आजही कुठल्याही हळदीकुंकवात सांगतात की माझ्या काढ्यानेच उतार पडला, डॉक्टरांनी नुसतं बिल लावलं. का, तर काढा दिल्यावर रक्त थांबलं होतं. अहो, पाळी संपत आल्यावर काढा दिलात, पाळी संपली! ती रिकामं पाणी दिलं असतं तरी संपली असती. पुढच्या महिन्यात परत तेवढंच गेलं, ते मात्र कुणाच्या लक्षात नाही. पाळीच्या तक्रारीवरच्या प्रत्येक घरगुती उपायाला हा फुकटचा गुण येतो. त्यामुळे "आमच्या हिला गुण आला" हे शेजारच्या काकूंचं वाक्य मी पुरावा म्हणून धरत नाही, तुम्हीही धरू नका.

याचा अर्थ मी आयुर्वेदाच्या विरोधात आहे असं कुणी काढू नये. माझं माहेर कुडाळकडचं. परसात खरा अशोक होता आणि आमची आजी तो जपायची. साल हवी असेल तर जून फांदीवरून एका बाजूची तळहाताएवढी पट्टी घ्यायची, खोडाला गोल फिरवून कधीच नाही, कारण सालीचं कडं निघालं की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या मरतं. साल वाळवून भरड करायची. मग क्षीरपाक: एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, मंद आचेवर पाणी आटून दूध उरेपर्यंत. गाळून, गार करून द्यायचं. जाऊबाईंनी प्रेशर कुकरला तीन शिट्ट्या केल्या होत्या.

ही परंपरा काही ऐकीव नाही. चरकाने अशोक वेदनास्थापन गणात घातलाय, म्हणजे दुखणं शमवणारा, सुश्रुताने लोध्रादि गणात, जिथे स्राव धरून ठेवणारी आणि स्त्रीरोगांवरची द्रव्यं आहेत. लाल प्रदर, पांढरा प्रदर, म्हणजे अंगावरून तांबडं नि पांढरं जाणं, रक्ती मूळव्याध, रक्ताची आव, या सगळ्यांवर साल सांगितलीय. साल तुरट असते, तिच्यात टॅनिनं भरपूर असतात. बियांचं चूर्ण लघवीच्या तक्रारीवर देतात. चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाच्या आठ कळ्या पाण्यातून घ्यायची रीत आहे, ती आजीने शेवटपर्यंत पाळली. गेटवरच्या आसुपालवालाही लोक औषधी मानतात, पण त्याची साल देतात तापावर. पाळीशी त्याचा संबंध जोडला तो नावाच्या सारखेपणाने.

आता विकतच्या सालीचं. खऱ्या अशोकाची साल या धंद्यापायी इतकी ओरबाडली गेलीय की ते झाड जगाच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत जाऊन बसलं, आणि मागणी भागवायला त्यात सर्रास आसुपालवाची साल मिसळतात. मस्जिद बंदरला एका दुकानदाराने मला "एकदम असली" म्हणून जे दाखवलं ते आतून फिकट पिवळं होतं. खरी साल आतून तांबूस तपकिरी असते. म्हणजे काकूंचं ऐकलं नाही, दुकानातून आणली, तरी खात्री नाहीच. घ्यायचंच असेल तर वैद्याच्या हातून घ्या, मात्रा त्यांनाच ठरवू दे, मी इथे सांगणार नाही.

अशोकारिष्टाबद्दलही विचारलंय तुम्ही. ते साल आणि गूळ धायटीच्या फुलांबरोबर आंबवून करतात, त्यात आंबण्यातूनच पाच ते दहा टक्के मद्यार्क तयार होतो. आईला मधुमेह असेल, लिव्हरचा त्रास असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर न विचारता देऊ नका. गरोदरपणात तर नाहीच. आणि माणसांवरचे नीट मोठे अभ्यास या औषधाचे फारसे नाहीत, हेही माहीत असू दे.

पण काहीही देण्याआधी रक्त का जातंय ते बघा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी, एवढं तरी. तासातासाला पॅड बदलावं लागत असेल किंवा चक्कर येत असेल तर तपासण्यांच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. खऱ्यातल्या खऱ्या अशोकानेही गाठ दिसत नाही, ती मशीनवरच दिसते.

झाडाला कोयता लावला नसेल तर लावूही नका. 1975 च्या झाडांच्या कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. आमच्या जाऊबाईंच्या सोसायटीतलं ते सोललेलं झाड वाळलं, आणि महापालिकेची नोटीस आली तेव्हा सगळे वॉचमनकडे बोट दाखवत होते.

एक मात्र तुम्ही लिहिलं नाहीत, आईचं वय. पाळी जाऊन वर्ष झालेलं असताना आता पुन्हा रक्त दिसत असेल, थोडं का होईना, तर वरचं सगळं सोडा आणि उद्याच त्यांना डॉक्टरकडे न्या. तशा रक्तामागे कधीकधी कॅन्सर असतो, आणि तिथे दोन महिने काढा करून बघण्याइतका वेळ हातात नसतो.