लॅब्रॅडोर लिफ्टमध्ये गुरगुरतो, ट्रेनर म्हणतो चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) लावा. लावू का?

तुम्ही लिहिलंय की लॅब दीड वर्षाचा, ठाण्यात घोडबंदरला अठराव्या मजल्यावर घर, लिफ्टमध्ये कोणी शिरलं की गुरगुरतो आणि ट्रेनर म्हणतो चोक चेन लावा, बॉस कोण ते कळू दे त्याला. शिवाय मी कुत्र्यांच्या ट्रेनिंगच्या लाइनमध्ये कसा आलो तेही विचारलंय. तिथूनच सुरू करतो, कारण चेनचं उत्तर त्यातच आहे.

मी बीकॉम. नौपाड्यात राहायचो, शेजारच्या काकांचा डॉबरमन फिरवता फिरवता एका सरांच्या हाताखाली लागलो, नाव घेत नाही. चेनचा झटका, कान पिळणं, कुत्र्याला आडवं पाडून दाबून धरणं, सगळं त्यांच्याकडे शिकलो, आणि खोटं कशाला बोलू, रिझल्ट दिसायचा, ओनर खूश, पैसे वेळेवर. मग एक जर्मन शेफर्ड आला, पाहुण्यांवर गुरगुरायचा. महिन्याभरात आम्ही त्याचं गुरगुरणं बंद केलं, घरचे म्हणाले वा. पुढे एकदा पट्टा लावायला वाकलो तर आवाज नाही, काही नाही, सरळ मनगटच धरलं. सात टाके पडले. भीती तशीच आत होती, आम्ही नुसती कुकरची शिट्टी दाबून धरली होती, आणि हे डोक्यात शिरायला मला वर्ष लागलं.

बॉसचं म्हणाल तर १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या लांडग्यांवर लिहिलं, तिथून ते वरच्या नंबरासाठी भांडणं वगैरे आलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या १९७० च्या पुस्तकाने 'अल्फा', म्हणजे कळपाचा बॉस, हा शब्द आणखी पसरवला, आणि मग त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. म्हणजे घरच की हो! आणि तुमचा लॅब लांडगापण नाही.

आता काम. आधी व्हेट. लॅबचे कान लोंबते, पावसाळ्यात आत इन्फेक्शन होतं, कंबर किंवा कोपराचं दुखणंही या जातीत बरंच असतं, आणि दुखत असेल तर चिकटून उभा राहणारा माणूस त्याला नकोसाच वाटणार.

ते क्लिअर झालं की लिफ्ट विसरा, लॉबीत या. लिफ्ट म्हणजे डबा, पळायला जागा नाही, तिथे शिकवणी होत नाही. लॉबीत इतक्या लांब उभे राहा की तो माणसाला बघेल पण ताठ होणार नाही. माणूस दिसला की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा (तुम्ही शाकाहारी असाल तर पनीर चालेल), माणूस गेला की चिकन बंद. क्रम महत्त्वाचा, आधी माणूस, मग चिकन. बहुतेक जण उलटं करतात, मग पिशवीत हात गेला की कुत्रा सावध होतो, आता कोणीतरी येणार म्हणून. काही दिवसांनी माणूस दिसल्यावर तो स्वतःहून मान वळवून तुमच्याकडे बघेल, तेव्हाच दोन पावलं पुढे सरका. ओठ चाटणं, उगाच जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, यातलं काही दिसलं तर मागे या, आणि गुरगुरला तर ओरडू नका, आपणच घाई केली असं समजा.

तोवर लिफ्ट रिकामी येईपर्यंत थांबा. सकाळी शाळेच्या बसची वेळ तर टाळाच. मध्येच कोणी शिरलं तर लॅबला कोपऱ्यात घेऊन तुम्ही मध्ये उभे राहा. छातीच्या बाजूला रिंग असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगाभोवती बसणारा पट्टा) घ्या, ओढणं कमी होतं.

ट्रेनर बदलायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण त्याला एक विचारा, कुत्रा चुकला तर तुम्ही नेमकं काय करता? उत्तरात 'करेक्शन' (चुकीबद्दल झटका वगैरे) शब्द आला तर ते कसं देता ते स्वतःच्या हातावर दाखवायला सांगा.