किळस आली तरी लगेच हलू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

डोंगर, नदी, होडी अशी चित्रं बघताना तुझं मन लागत नाही, पण हाडं, केस, सुया, मुंडकं नसलेल्या बाहुल्या असं काही मांडलेलं दिसलं की तिथून पाय निघत नाही, असं तू लिहिलंस. आईचं म्हणणं, दिवेलागणीला असलं अभद्र काही बघत बसू नये. आणि पत्राच्या शेवटी तू भीत भीत विचारलंस, ‘माझ्याच डोक्यात काही बिघाड नाही ना?’

नाही. ही ओढ फार जुनी आहे, आणि आपल्या लोकांनी ती कधी लपवलेली नाही. नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. त्यांत शृंगार आणि वीर यांच्या पंगतीला भयानक आणि बीभत्सही बसलेले आहेत. जुगुप्सा, म्हणजे किळस, हा तिथे रतीइतकाच, म्हणजे प्रेमाइतकाच, मानाचा स्थायीभाव (रसाच्या मुळाशी असणारा भाव) आहे. वेरूळला गेलीस की 21व्या लेण्यात, रामेश्वरात जा. दर्शनी बाजूला मकरावर उभी असलेली गंगा आहे, तिच्या कमरेचा बाक बघत लोक उभे राहतात. आत सप्तमातृकांच्या, म्हणजे सात मातृदेवतांच्या, जवळच काल, म्हणजे मृत्यू, कोरलेला आहे: अस्थिपंजर, बरगडी न् बरगडी दिसणारा, पोट पाठीला लागलेला. दोघंही एकाच खडकातून निघाली. गंगेला डौल देणाऱ्या हातांनाच बरगड्यांमधली खोबणही कोरता येत होती, आणि ती त्यांनी तितक्याच मायेने कोरली आहे.

आता आजच्या कलेकडे येतो. अनिता दुबे यांचं ‘सायलेन्स (ब्लड वेडिंग)’ हे 1997 चं काम आहे. त्यांनी खरी माणसाची हाडं घेतली आणि त्यांवर लाल मखमल चढवली, मणी लावले, लेस लावली. वर्णन ऐकताना अंगावर काटा येतो, हे मान्य. पण आधी नुसतं बघ. मखमल लाल आहे, लग्नाच्या शालूसारखी. मणी एकेक करून टाचलेले आहेत. हे काम करायला किती बसावं लागलं असेल, याचा अंदाज टाक्यांवरून येतो. आणि त्या सगळ्या साजाखाली हाडाचा आकार लपत नाही. वस्तू सुंदर आहे म्हणून हात पुढे जातो, ती काय आहे हे आठवतं आणि हात मागे येतो. हे पुढे-मागे होणं थांबत नाही, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नटवणं हे प्रेमाचं काम आहे आणि प्रेताला नटवणंही आपण करतोच. तुझे पाय तिथे खिळतात ते या ओढाताणीमुळे, विकृतीमुळे नव्हे.

दुबे यांनी आणखी एक वस्तू पुष्कळ वापरली: देवांच्या मूर्तींना बसवतात ते तयार डोळे. गाभाऱ्यात देवीचे डोळे आपल्याकडे बघताहेत असं वाटतं तेव्हा आपण हात जोडतो. तेच डोळे चेहऱ्याशिवाय, शेकड्यांनी, नुसत्या भिंतीवर थव्यासारखे पसरले की हात जोडायचे की तिथून निघून जायचं, हे कळत नाही. डोळे बदललेले नाहीत, त्यांच्याभोवतीचं देऊळ तेवढं काढून घेतलं आहे.

मृणालिनी मुखर्जी यांची कामं तू अजून पाहिली नसशील तर शोधून बघ. जन्म मुंबईचा, 1949 चा. शिक्षण बडोद्यात, के. जी. सुब्रह्मण्यन यांच्याकडे. त्यांनी तागाची सुतळी घेतली, ती रंगवली, आणि कच्चं रेखाटन न करता हाताने गाठी मारत मारत माणसाहून उंच आकार उभे केले. 1984 ची ‘यक्षी’ त्यांपैकीच. लांबून देवी वाटते, जवळ गेलं की घड्या आणि पाकळ्या दिसतात, आणखी जवळ गेलं की शरीराच्या आतलं काहीतरी उघडं पडल्यासारखं वाटून आपण थोडे संकोचतो. गंमत अशी की यात रक्त नाही, हाड नाही, काहीच भीतिदायक नाही. किराणा दुकानात पुडकी बांधायला वापरतात ती सुतळी आहे. माझ्या मते आपल्याकडच्या गेल्या पन्नास वर्षांतल्या शिल्पांमध्ये याच्या तोडीचं थोडंच आहे. 2015 साली त्या गेल्या, आणि 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं.

शिल्पा गुप्ता तर मुंबईच्या आपल्या जे. जे. कलाशाळेच्याच. त्यांच्या 2009 च्या एका कामात, सोसायटीला असतं तसलं लोखंडी फाटक आहे. मोटरवर ते फिरतं आणि जाऊन भिंतीवर आदळतं. परत फिरतं, परत आदळतं. प्रदर्शन चालू असतं तितके दिवस हेच. हळूहळू गिलावा पडतो, भिंत फुटत जाते, खाली चुरा साठतो. 2019 मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, हे होतं. पहिला दणका बसतो तेव्हा आपण दचकतो. खरा त्रास मात्र पुढच्या दणक्याची वाट बघताना होतो. फाटक ज्या भिंतीसाठी असतं तीच ते फोडतंय, हे कुणी सांगावं लागत नाही.

मात्र प्रत्येक विचित्र कामात इतका ऐवज असतोच असं नाही. डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलावंताने 1991 मध्ये मेलेला टायगर शार्क फॉर्मॅल्डिहाइडच्या, म्हणजे मृत शरीर टिकवणाऱ्या रसायनाच्या, टाकीत ठेवला. त्याचा बोलबाला अजून चालू आहे. मासा हळूहळू सडत गेला, आणि 2006 मध्ये त्याच्या जागी दुसरा शार्क आणून ठेवला. माझं मत विचारशील तर त्या कामाचा जोर पहिल्या धक्क्यातच बराचसा संपतो. तुला ते पटलं नाही तर तसं लिही, पण कारणासकट लिही.

आणि हे सगळं कलावंत हौसेने करतात असंही समजू नकोस. 6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर, मुंबई पेटलेली असताना, रुम्माना हुसेन यांना नेहमीची रंगचित्रं पुरेनाशी झाली. त्या फुटक्या मातीच्या मडक्यांकडे आणि आरशांकडे वळल्या. आरशावर ठेवलेलं अर्धं मडकं बघताना फुटलेली बाजूही दिसते आणि वाकून बघणारा आपला चेहराही. तो काळ आठवणाऱ्यांना त्यासाठी भिंतीवरची माहितीची पाटी वाचावी लागत नाही.

पाटीवरून आठवलं. तू कलादालनात शिरलीस की आधी पाटी वाचतेस, हे मी पाहिलं आहे. ती सवय मोड. आधी वस्तू कशाची आहे ते बघ, कशी जोडली आहे, किती जड असेल, वास येतो का, हात लावावासा वाटतो की नको वाटतं. मग आपल्याला नेमकं काय झालं ते वहीत लिही: घसा कोरडा पडला, हसू आलं, आजीची खोली आठवली, काहीही. पाटी त्यानंतर. ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न फार लवकर विचारला की माणूस बघायचं सोडतो. काळा घोडा आणि कुलाब्याच्या बहुतेक गॅलऱ्यांमध्ये तिकीट नसतं, तेव्हा एकाच कामासाठी परत जायला हरकत नाही. आणि एखादं काम सोसत नसेल तर बाहेर ये. सोसण्याची परीक्षा कुणी घेत नाहीये. काही दुखणी ताजी असताना त्यांच्याबद्दलची कला बघू नये, हे मी अनुभवाने सांगतो.

आता तू पाठवलेल्या फोटोंबद्दल. स्टीलच्या डब्यात प्लास्टरचे दात भरण्याची कल्पना चांगली आहे, मला खरोखर आवडली. डबा उघडताना भूक असते, आणि आत खाण्याऐवजी चावणारं निघतं. पण त्यावर लाल रंग का ओतलास? रक्त दिसलं की बघणारा ‘भीतिदायक’ असा शिक्का मारून मोकळा होतो आणि पुढे सरकतो. दुबेंनी हाडांना रक्त लावलं नाही, मखमल लावली. तो रंग पुसून टाक. दात एकसारखे झाले आहेत, साच्यातून काढल्यासारखे. त्यांत एखादा किडलेला हवा, एखादा दुधाचा हवा, म्हणजे ते कुणाचे तरी होतील. डबा दुकानातून नवा आणलेला दिसतो. घरातला वापरलेला घे, पोचे पडलेला, ज्यावर नाव कोरलेलं असतं तसला. आणि झाकण काढून ठेवू नकोस. ते बंद असू दे, उघडायचं की नाही ते बघणाऱ्यावर सोड. एवढं करून फोटो पाठव, मग वजनाबद्दल बोलू. प्लास्टर त्या डब्याला हलकं पडतंय असा मला संशय आहे.

तुझे,
सर