कृषी शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचा गौरव करायचा, तर निवड कशी करावी?

पुण्यातल्या कृषी महाविद्यालयात गुणपत्रिका बघून निवड करणं सोपं आहे, पण त्यातून शिकवण्याची हातोटी कळत नाही. प्रत्येकाला पंधरा मिनिटांचा प्रात्यक्षिक पाठ द्या, समोर खरे शेतकरी किंवा शाळेतली मुलं बसवा. विषय एकच ठेवा, म्हणजे तुलना रास्त होते. परीक्षणासाठी मातीचा नमुना घेणं हा विषय उत्तम.

विद्यार्थी इंग्रजी 'व्ही' आकाराचा 20 ते 22 सेंमी खोल खड्डा घेऊन आतली माती काढून टाकतो का, मग कडेची पातळ चकती घेतो का, ते बघा. बांधालगत, झाडाखाली किंवा शेणखताच्या ढिगाच्या जागी नमुना घेतला तर अहवालच चुकतो. लोखंडी घमेलं वापरलं की लोहाचं प्रमाण फसवं येतं. जमवलेल्या मातीचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. हे 'का' ज्याला सांगता आलं आणि ज्यानं खुरपं समोरच्याच्या हातात दिलं, त्याला निम्मे गुण खुशाल द्या.

वेळ अंतिम वर्षातल्या 'रावे'नंतरची, म्हणजे गावात राहून शेतीकामाचा अनुभव घेण्याच्या कार्यक्रमानंतरची धरा. गावात राहून आलेल्यांची भाषा बदललेली असते. शालीपेक्षा पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचं शुल्क भरा, कारण प्राध्यापकीसाठी पदव्युत्तर शिक्षण आणि पुढची तयारी खर्चिक पडते. प्रमाणपत्रावर नेमकं काय चांगलं शिकवलं तेही लिहा.