मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी करून घ्यायला लोक कशामुळे तयार होतात?

सगळ्यात जास्त फरक पडतो तो नेहमीच्या डॉक्टरांनी समोर बसवून "ही तपासणी करून घ्या" असं स्पष्ट सांगितल्याने. अनेक अभ्यासांत हेच दिसलं आहे. ओळखीच्या चेहऱ्याचाही परिणाम होतो. अमेरिकेतल्या वृत्तनिवेदिका केटी क्युरिक यांचे पती १९९८ मध्ये, अवघ्या ४२व्या वर्षी या आजाराने गेले. २००० मध्ये त्यांनी स्वतःची कोलोनोस्कोपी (कॅमेरा लावलेल्या नळीने मोठं आतडं आतून पाहण्याची तपासणी) टीव्हीवर दाखवली आणि पुढचे काही महिने तिथे या तपासण्या वाढल्या. शिवाय सोय हवीच: इंग्लंडमध्ये शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त तपासायचं किट टपालाने घरी येतं, काडीला शौचाचा जरासा नमुना लावून बाटलीत घालायचा आणि परत पाठवायचा. लाजही वाटत नाही, रजाही पडत नाही. मात्र शौचातून रक्त जात असेल तर किटवर थांबू नका, थेट डॉक्टरांना दाखवा.