लूव्रमधला पोरस

प्रश्न : पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ‘अलेक्झांडर आणि पोरस’ हे भिंतभर पसरलेले तैलचित्र पाहिले. हा आपल्या झेलमकाठचाच पोरस का? तसे असेल, तर चित्रात प्रत्यक्ष लढाई का नाही, आणि पोरस भारतीय का वाटत नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : होय, हा तोच पोरस. इसवी सनपूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी झालेल्या लढाईचे हे चित्र शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराने रंगवले आणि १६७३ मध्ये ते पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले. त्याची उंची ४.७० मीटर आणि रुंदी १२.६४ मीटर आहे. समोर एसटीची गाडी आडवी लावली, तरी दोन्ही कडा उघड्या राहतील.

लढाई दिसत नाही, कारण ती संपलेली आहे. जखमी पोरसाला सैनिकांनी उचलून आणले आहे आणि अलेक्झांडर घोड्यावरून त्याला सामोरा आला आहे. ‘तुला कसे वागवू?’ या प्रश्नाला पोरसाने ‘राजासारखे’ असे उत्तर दिल्याचे प्लुटार्क आणि एरियन हे दोन्ही प्राचीन ग्रीक लेखक सांगतात. ल ब्रँ हा फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा मुख्य दरबारी चित्रकार होता आणि अलेक्झांडरच्या रूपात आपल्याच राजाची थोरवी रंगवत होता. याच मालिकेतील, अलेक्झांडरच्या ग्रॅनिकस आणि अर्बेला इथल्या लढायांच्या चित्रांत त्याने शौर्य दाखवले, तर इथे औदार्य. तरीही माझी नजर प्रत्येक वेळी विजेत्यावरून घसरून त्या माणसांच्या हातांवर तोललेल्या जड देहाकडेच जाते, आणि म्हणूनच मला हे चित्र मालिकेत सर्वांत श्रेष्ठ वाटते.

प्रत्यक्ष रणांगण कसे होते, हे ग्रंथांतूनच वाचावे लागते. आदल्या रात्रीच्या पावसाने जमीन इतकी निसरडी झाली होती की, लांब धनुष्याचे टोक भुईला टेकवून बाण सोडणाऱ्या पोरसाच्या तिरंदाजांना ते नीट रोवताच येईना, असे कर्टियस हा रोमन लेखक नोंदवतो. कोंडीत सापडलेल्या जखमी हत्तींनी पुढे स्वतःचेच सैन्य तुडवले, असे एरियन लिहितो.

ल ब्रँने भारत कधी पाहिला नव्हता. तरुणपणी, १६४२ ते १६४६ या काळात, त्याने रोममध्ये राहून प्राचीन शिल्पांचा अभ्यास केला होता. एरियनने पाच हातांहून उंच म्हटलेला राजा त्याने त्याच शिल्पांच्या घडणीत उभा केला, आणि तुम्हाला जाणवलेला परकेपणा तिथूनच आलेला आहे.