वस्तीतील महिला आणि मुलांसाठी मदतगट काढायचा आहे. समितीत ज्येष्ठांना घ्यावे का?

घरात मारहाण सोसणाऱ्या महिला आणि मुलांसाठी वस्तीत मदतगट काढायचा आहे, तर समितीत कोण असावे आणि दोन्ही बाजू ऐकून समेट घडवण्यासाठी वस्तीतील ज्येष्ठांना घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. समेटासाठी कोणालाही घेऊ नका. ते मदतगटाचे कामच नव्हे, आणि हे मला एका कागदावर सही केल्यानंतर कळले.

2013 साली आमचा गट सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. एका रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्याच गल्लीतील नऊ वर्षांची मुलगी दारात येऊन उभी राहिली. पायात शाळेचे बूट, पाठीला दप्तर, आणि दप्तरात वह्यांऐवजी शिधापत्रिका, आईचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि धाकट्या भावाचे लसीकरणाचे कार्ड. बाबांचा आवाज चढला की दप्तर उचलायचे आणि मावशीकडे जायचे, असे आईने तिला पढवून ठेवले होते. ती रडत नव्हती. दप्तर खाली ठेव म्हणून मी दोनदा सांगितले, तरी तिने ते खांद्यावरून उतरवले नाही आणि पाठ भिंतीपासून हातभर पुढे ठेवून ती तशीच बसून राहिली.

तिच्या आईला काय हवे आहे, हे विचारण्याआधीच आम्ही रविवारी बैठक बोलावली. नवऱ्याला खुर्ची दिली गेली आणि ती दाराजवळ सतरंजीवर बसली. गटातील एका ज्येष्ठांना आम्ही सगळे भाऊ म्हणत असू; त्यांचा पहिला प्रश्न तिलाच होता, "ताई, तुमचे नेमके काय चुकले, ते आधी सांगा." जेवण गार झाले होते, असे ती म्हणाली. त्यानंतर तासभर जेवण, पगार आणि सासूबाईंचे पथ्य यांवर चर्चा झाली. हात का उचललास, असे त्या माणसाला एकानेही विचारले नाही, मीसुद्धा नाही. शेवटी मुद्रांकावर 'यापुढे दोघेही सामंजस्याने राहतील' असे लिहिले गेले. 'दोघेही' हा शब्द मला त्याच वेळी खटकला होता, तरीही साक्षीदार म्हणून मी सही केली.

पुढची अडीच वर्षे ती आमच्याकडे फिरकली नाही आणि भाऊ हे प्रकरण यशाचे उदाहरण म्हणून सांगत राहिले. त्या काळात तिचा हात मोडला आणि न्हाणीघरात घसरले, असे तिने डॉक्टरांना सांगितले. अखेर ती 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली न्यायालयात गेली, तेव्हा नवऱ्याच्या वकिलांनी तोच कागद पुढे केला: वाद आपसात मिटलेला आहे आणि साक्षीदार खुद्द महिला गटाच्या सदस्य आहेत. आमच्याकडे का आली नाहीस, असे मी विचारले, तर ती म्हणाली, "तुमचीच सही होती ना त्यावर, मग येणार कुणाकडे?"

याच कायद्याच्या 2006 च्या नियमांतील चौदावा नियम मी त्यानंतर वाचला. समुपदेशनात हिंसेचे कोणतेही समर्थन ऐकून घेतले जाणार नाही, हे कामकाज सुरू होण्यापूर्वीच संबंधित पुरुषाला सांगावे, असे त्यात आहे. आमची बैठक तर त्या समर्थनापासूनच सुरू झाली होती आणि तेही आम्ही तिच्याच तोंडून वदवून घेतले. संसार मोडणे सोपे असते, जोडणे कठीण, असे भाऊ आजही म्हणतात. अडीच वर्षे मार खाणे ही जर जोडण्याची किंमत असेल, तर ती ज्याने चुकवली नाही त्याने असे बोलू नये, असे माझे मत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या महिलांपैकी अवघ्या 14 टक्के महिलांनी मदत मागितल्याचे दिसले. जी एकदा येऊन रिकाम्या हाताने परत जाते, ती पुन्हा येईलच असे धरून चालू नका.

आता समितीविषयी. रात्री जिच्या घरात एका बाईला आणि दोन मुलांना जागा मिळेल अशी एक सदस्य, पोलीस ठाण्यात न कचरता बोलणारी एक, आणि जिल्ह्यातील संरक्षण अधिकाऱ्यांचे, म्हणजे याच कायद्याखाली पीडित महिलांच्या मदतीसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांचे, कार्यालय प्रत्यक्ष जाऊन पाहिलेली एक, एवढ्यांनी सुरुवात होते. हिंसाचाराची माहिती संरक्षण अधिकाऱ्यांना कोणीही देऊ शकते आणि ती सद्भावनेने दिली असेल तर देणाऱ्यावर कारवाई होत नाही, असे 2005 च्या त्याच कायद्याचे कलम 4 सांगते. तेव्हा 'आपण मध्ये कशाला पडायचे' ही सबब उरत नाही. गटाची संस्था म्हणून नोंदणी झाली, तर पुढे कलम 10 खाली सेवा पुरवठादार म्हणूनही नोंदवून घेता येते आणि घटनेचा अहवाल तुम्हीच लिहून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे व संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवू शकता. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक मुलांनाही पाठ करून द्या. शेजारी आरडाओरडा ऐकू आला, तर घंटा वाजवून काहीतरी मागायला जा. पण दोघी मिळून जा, एकटीने जाऊ नका.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी वकील नाही. प्रत्येक बाईला खटला हवा असतो असेही नाही. ती स्वतः विचार करून नवऱ्याकडे परत जाणार असेल, तर तो तिचा निर्णय आहे आणि तिच्यासाठी दार तरीही उघडे राहिले पाहिजे. तिला न विचारता कोठे कळवू नका, कारण त्याचा राग तिच्यावरच निघतो. जीवावर बेतले असेल, तेव्हा मात्र थांबू नका. मुलाच्या लैंगिक शोषणाची गोष्ट निघाली, तर तेथे निवड उरतच नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणे बंधनकारक केले आहे, आणि गटातल्या गटात मिटवणे हाच गुन्हा ठरतो.

त्या बाईला पुढे निवासाचा आदेश मिळाला आणि ती मुलांसह त्याच घरात राहते. भाऊ गटातून बाहेर पडले, ते माझ्या आग्रहामुळे. तुमच्या पहिल्या सभेच्या इतिवृत्तात एवढे लिहून घ्या की, गटाची कोणतीही सदस्य तडजोडीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार नाही, आणि त्याखाली सर्वांच्या सह्या घ्या.